दोन पात्यांचे गाव

देवासच्या जुन्या मराठी घरांत 'तुमची पाती कोणती?' हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांनी सहजपणे विचारलेला आम्ही ऐकला आहे. थोरली पाती की धाकटी पाती, एवढे कळले की समोरच्या माणसाची कचेरी कोणती, दिवाण कोण, कर कोठे भरायचा, हे सारे कळत असे. पाती म्हणजे हिस्सा. संस्थानाच्या नावातच वाटणी असलेले असे हे गाव.

तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे बंधू पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर माळव्यात आले आणि इ.स. १७२८ च्या सुमारास देवास त्यांच्याकडे आले. प्रारंभी कारभार समाईक होता. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला तेव्हाही दोन्ही शाखा एकाच छत्राखाली धरल्या गेल्या. पुढे १८४१ नंतर दोन्ही शाखांचा कारभार स्वतंत्र झाला, तरी दोघांचा मुलूख एकमेकांत इतका गुंतलेला राहिला की गावातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्याची, तर दुसरी बाजू दुसऱ्याची होती. पाणीपुरवठा निराळा, दिवाबत्तीही निराळी. क्षेत्रफळाचा हिशेब पाहावा, तर थोरली पाती ४४६ चौरस मैल आणि धाकटी ४४० चौरस मैल. शंभर वर्षांहून अधिक काळच्या भाऊबंदकीनंतर उरलेला फरक अवघ्या सहा चौरस मैलांचा! वाटणीची कला आपल्या लोकांना किती साधली होती याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

परंतु घरात केवळ जमीनच वाटली जाते असे नाही. नवरा-बायको वेगळे होतात आणि त्यांच्यामध्ये एखादे मूल उभे असते. या दोन प्रसंगी त्याच घराण्यांजवळ कोणता नियम होता? आणि राजवाडा नसलेल्या तुमच्या-आमच्या घरांजवळ कोणता होता? हे प्रश्न केवळ जिज्ञासेपोटी आलेले नाहीत. अलीकडे आपल्या मंडळींत भेटीगाठी झाल्या की हळू आवाजात हेच विषय निघतात. सासरहून परत आलेल्या मुलीचे पुढे काय, नातू कोणाकडे राहणार, वाड्यात तिचा हिस्सा आहे की नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणत आलो. पण ती पायरी नव्हती तेव्हा काय होत होते, हेही एकदा पाहिले पाहिजे.

बरोबर आणलेला कायदा

माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी घाटावरून आपले कुलदेवतांचे टाक आणले, उपाध्ये आणले, सणवार आणले. त्याबरोबर आणखी एक वस्तू आली, तिचा आपल्याला सहसा विसर पडतो. ती म्हणजे आपला वारसाहक्काचा कायदा. माळव्याच्या आसपास मिताक्षरेचा काशी संप्रदाय प्रमाण मानला जाई. महाराष्ट्रात मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'लाही मान होता, आणि तेथील रूढी काही बाबतींत स्त्रियांना अधिक अनुकूल होत्या. काशी संप्रदायात विधवेला पतीच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून दत्तक घेता येत नसे, महाराष्ट्रात येई. वडिलांची मालमत्ता वारसाने मुलीकडे आली, तर काशी संप्रदायात तिचा हक्क हयातीपुरता असे. महाराष्ट्रात ती त्या मालमत्तेची पूर्ण मालकीण होई. वारसांच्या मालिकेत बहिणीलाही महाराष्ट्रात स्थान होते.

देशांतर केलेले हिंदू कुटुंब आपला मूळ कायदा बरोबर घेऊन जाते आणि त्याने तो सोडून स्थानिक कायदा स्वीकारल्याचे सिद्ध होईपर्यंत त्याला तोच लागू असतो, असे तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांनी मानले. महाराष्ट्रातून मध्यप्रांतात गेलेल्या कुटुंबाच्या 'बळवंतराव विरुद्ध बाजीराव' या दाव्यात १९२० साली प्रिव्ही कौन्सिलनेही या तत्त्वाला पुष्टी दिली. अशा दाव्यांत घरातील विधी कोणत्या पद्धतीने होतात, सोयरिकी कोठे होतात, मूळ गावाच्या चालीरीती टिकल्या आहेत की नाहीत, हे पुरावा म्हणून पाहिले जाई. आपण केवळ सवयीने जपलेल्या चालीरीती एखाद्या मुलीच्या किंवा विधवेच्या हक्काचा आधार ठरू शकत होत्या.

संस्थानी मुलूख त्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर होता. पण तेथेही व्यवहार फारसा निराळा नव्हता. धारच्या मीनाबाईंची हकीकत याची साक्ष देते. दुसरे आनंदराव पवार १८०७ मध्ये निवर्तले तेव्हा मीनाबाई गरोदर होत्या. मागाहून मुलगा झाला. भोवती शिंदे-होळकरांच्या फौजा, घरात गादीवर हक्क सांगणारे मुरारराव, आणि मधे तान्हे मूल घेऊन उभी असलेली विधवा. मूलही फार दिवस जगले नाही. तेव्हा मीनाबाईंनी आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव रामचंद्रराव ठेवले आणि त्याच्या नावाने राज्य राखले. १८१९ च्या आरंभी इंग्रजांशी तह झाला तोवर धारचे संस्थान उरले, त्याचे श्रेय इतिहासकारांनी या बाईंनाच दिले आहे.

बहिणीचा मुलगा विधवेने दत्तक घेणे शास्त्रात बसते काय, यावर काशीच्या पंडितांनी खल केला असता. धारमध्ये तो चालला, कारण चाल महाराष्ट्राची होती आणि प्रसंग निकराचा होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विधवा आईच्या हाती मूल आणि मत्ता दोन्ही राहू शकत होती. नवरा जिवंत असलेल्या स्त्रीची स्थिती मात्र अगदी वेगळी होती. ती पाहण्यासाठी धारहून पुन्हा देवासच्या थोरल्या पातीकडे, आणि शंभर वर्षे पुढे यावे लागते.

माहेरी राहिलेली महाराणी

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव १८९९ मध्ये गादीवर आले तेव्हा अकरा वर्षांचे होते. माल्कम डार्लिंग त्यांचे शिक्षक होते. १९०८ मध्ये त्यांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला. माळव्यातील मराठी गादीची मूळ मुलखाशी जोडली गेलेली ही सोयरीक दोन्हीकडे भूषणाची मानली गेली. ४ एप्रिल १९१० रोजी पुत्र विक्रमसिंह यांचा जन्म झाला.

त्यानंतर काही वर्षांतच हा संसार मोडला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून देवासला आले तेव्हा अक्कासाहेब कोल्हापुरास राहत होत्या, मुलगा वडिलांजवळ देवासला होता आणि महाराजांचा दुसरा संसार सुरू झालेला होता. फॉर्स्टर यांनी या काळातील पत्रे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात प्रसिद्ध केली. महाराजांवर त्यांचा विलक्षण लोभ होता, हे त्या पुस्तकाच्या पानापानांवरून दिसते. साहजिकच ती एका बाजूची ओळख आहे. अक्कासाहेबांच्या बाजूचे तसे पुस्तक कोणी लिहिले नाही. तेव्हा दोष कोणाचा हे ठरविण्याच्या भानगडीत आम्ही पडणार नाही. आम्हांला पाहायची आहे ती त्या वेळची व्यवस्था.

व्यवस्था अशी होती. धर्मविधीने झालेला विवाह उच्च म्हणविणाऱ्या घरांत अभेद्य मानला जाई. पुरुषाला दुसरी स्त्री घरात आणता येत होती, म्हणून त्याला घटस्फोटाची गरजच नव्हती. स्त्रीला दुसरा विवाह नव्हता, म्हणून घटस्फोट असून नसून सारखाच. ती निघून गेली तर तिच्या निर्वाहाची तजवीज पतीच्या मर्जीवर, नाहीतर माहेरच्या मायेवर. अक्कासाहेबांचे वडील छत्रपती होते, म्हणून त्यांच्या मायेला राजवाड्याचे रूप होते. इतर घरांतील परतलेल्या मुलीला माजघराशेजारची एक खोली मिळे आणि तिची ओळख आयुष्यभर 'परत आलेली' अशीच राही. आमच्या लहानपणी अशी एखादी आत्या बहुतेक प्रत्येक वाड्यात होती. ती पापड लाटी, बाळंतपणे काढी, सगळ्यांच्या मुलांना न्हाऊ घाली. तिच्या नावावर काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तिनेही नाही.

याच शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये आपल्या राज्यात स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि त्याच सुमारास काडीमोडीलाही कायद्याच्या चौकटीत आणले. एका घटनेने दुसरी घडली असे आम्ही म्हणत नाही. छत्रपतींच्या सुधारणांचा पट फार मोठा होता. पण हे कायदे करणाऱ्या बापाची स्वतःची मुलगी नांदती नव्हती, एवढे ध्यानात ठेवून ते वाचले तर त्यांचा अर्थ अधिक जवळचा वाटतो.

दोघांच्या मधले मूल

आता मुलाकडे पाहू. त्या काळचा नियम साधा होता: मूल वडिलांचे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात होता. त्यात मुलाच्या हिताचा विचार सांगितला होता खरा, पण वडील हयात असून अपात्र नसतील तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये असेही त्यातच होते. संस्थानात तर प्रश्नच नव्हता. वडील हेच राजे आणि न्यायाचे शेवटचे ठिकाणही तेच. मुलाची आई कोल्हापुरास आणि मूल देवासला, हे अंतर आगगाडीच्या हिशेबाने दोन दिवसांचे असेल. हक्काच्या हिशेबाने ते कधीच न संपणारे होते.

मुलगा मोठा झाला. जतच्या घराण्यातील कन्येशी त्याचा विवाह झाला. आणि डिसेंबर १९२७ मध्ये सतरा वर्षांचे विक्रमसिंह देवास सोडून इंदूरला गव्हर्नर-जनरलच्या एजंटाकडे आश्रयाला गेले. वडिलांपासून आपल्या जिवाला धोका आहे, असा त्यांचा आरोप होता. वृत्तपत्रांत गाजावाजा झाला, संस्थानची अब्रू चव्हाट्यावर आली. आरोपाचे खरेखोटे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. त्या मुलाला आपले म्हणणे सांगण्यासाठी वेशीबाहेर पळून जाऊन परक्या अधिकाऱ्याचा दरवाजा ठोठवावा लागला. घरात, जातीत, राज्यात त्याचे ऐकून घेईल असे एकही ठिकाण नव्हते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. थोरल्या पातीवर कर्जाचा बोजा चढत गेला. १९३३ मध्ये तुकोजीराव यात्रेच्या निमित्ताने निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीस जाऊन राहिले आणि परत आले नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. विक्रमसिंह गादीवर आले. इकडे कोल्हापुरास अक्कासाहेबांचे बंधू राजाराम छत्रपती १९४० मध्ये पुत्रावाचून निवर्तले, त्यांच्यामागे दत्तक घेतलेले बाळ शिवाजी महाराजही १९४६ मध्ये वारले, आणि १९४७ मध्ये राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई यांनी विक्रमसिंहांना दत्तक घेतले. ते शहाजी छत्रपती झाले. देवासची गादी त्यांचे चिरंजीव कृष्णाजीराव यांच्याकडे राहिली, कारण दत्तकापूर्वी जन्मलेला मुलगा जन्मघराण्यातच राहतो.

म्हणजे नांदायला गेलेली आणि परत आलेली जी मुलगी, तिच्याच मुलाकडे माहेरची गादी आली. शहाजी महाराजांनीही पुढे १९६२ मध्ये आपल्या मुलीचा मुलगा दत्तक घेतला. गादीला गरज पडली तेव्हा दौहित्र वारस ठरला. मुलगी स्वतः मात्र कोणत्याच टप्प्यावर वारस म्हणून मोजली गेली नाही. धार आणि कोल्हापूर, दोन्ही ठिकाणी आपल्या कायद्याने विधवेच्या हातून वंश राखला. नांदत नसलेल्या सौभाग्यवतीसाठी त्याच्याजवळ एक ओळही नव्हती.

ज्यांना राजवाडा नव्हता

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घटस्फोट ही विलायतेहून आलेली वस्तू आहे, असे आपल्या बैठकींत अजून म्हटले जाते. ते खरे नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावण्याची चाल होती. इंग्रजी अमलाच्या प्रारंभी आर्थर स्टील यांनी दख्खनच्या जातींच्या रूढींचा जो संग्रह केला, तो १८२७ मध्ये छापला गेला. त्यात या चालींची दखल आहे. माळव्यात तर नातऱ्याची चाल आपल्या वाड्याच्या भिंतीपलीकडेच चालू होती. जिला आपण कमी लेखले त्या शेतकरी आणि कारागीर घरांतील बाईला जी वाट मोकळी होती, ती ब्राह्मणाच्या, प्रभूच्या आणि कुळी सांगणाऱ्या मराठ्याच्या मुलीला बंद होती. जातपंचायतीच्या निवाड्यांना सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. तेथे दंड होता, पैशांचा सौदा होता. तरी संबंध संपतो, हे तेथे निदान मान्य होते.

उच्चवर्णीयांच्या बाहेरची पण शहरी, शिकलेली अशी मुंबईची रखमाबाई. लहानपणी झालेला विवाह तिला मान्य नव्हता. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे विलायतेत शिकून ती डॉक्टर झाली. सुटकेला पैसा लागला, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांचा आधार लागला आणि तिची स्वतःची छाती लागली. कायद्याकडून मात्र तिला काही मिळाले नाही.

मग एकेक पाऊल पडत गेले आणि त्यांपैकी बरीच मराठी माणसांनी किंवा मराठी संस्थानांनी टाकली. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदू लग्नविच्छेदाचा कायदा केला. मध्यवर्ती कायदेमंडळात डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या संपत्तिहक्काचा कायदा झाला आणि विधवेला पतीच्या मालमत्तेत, हयातीपुरता का होईना, हिस्सा मिळाला. १९४६ मध्ये विवाहितेला स्वतंत्र राहण्याचा आणि पोटगीचा हक्क ठराविक कारणांसाठी मान्य झाला. मुंबई राज्यात १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा आला. आमच्याच महूच्या छावणीत १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहितेचे विधेयक हाती घेतले. ते रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हे विधेयकही होते. शेवटी १९५५ आणि १९५६ मध्ये ती संहिता चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाली. धार आणि देवास तोवर १९४८ मध्येच मध्यभारतात विलीन झाले होते. दोन पात्यांचे गाव एका जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि आपण बरोबर आणलेला कायदाही सर्वांच्या कायद्यात मिळून गेला.

आज विचारले जाणारे प्रश्न

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न, वेगळे होता येते काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे क्रूरता, परित्याग, व्यभिचार अशा कारणांवरून पती किंवा पत्नी घटस्फोट मागू शकते. १९७६ पासून परस्परसंमतीचीही वाट आहे: एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि साधारणतः सहा महिन्यांनी तो पुन्हा कायम करायचा. हा सहा महिन्यांचा अवधी योग्य प्रसंगी माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. ज्या जातींत घटस्फोटाची रूढी आहे, ती रूढीही या कायद्याने राखली आहे. मात्र ती सिद्ध करावी लागते. अर्ज कोठे करावा याविषयी २००३ च्या दुरुस्तीने एक मोठी सोय केली. पुण्या-नाशकात दिलेली मुलगी धारला माहेरी येऊन राहिली असेल, तर तिला धारमध्येच दावा लावता येतो. माहेरच्या घराला आता कायद्यातही पत्ता आहे.

दुसरा प्रश्न, मूल कोणाकडे? १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक प्रथम वडील व त्यांच्यानंतर आई, असाच क्रम लिहिलेला आहे. पण पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असेही तेथेच म्हटले आहे, आणि सर्वांवर वरचढ ठरणारी कसोटी मुलाचे हित ही आहे. 'वडिलांनंतर' याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असाच घेण्याचे कारण नाही, वडील प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आईही पालक होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या दाव्यात दिला. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याचे मत विचारतात. विक्रमसिंहांना ज्यासाठी इंदूर गाठावे लागले, ते आज धार-देवासच्या न्यायाधीशांच्या दालनात बसून सांगता येते. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क राहतो, आणि परिस्थिती बदलल्यास हुकूमही बदलता येतो. आजी-आजोबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मूल म्हणजे काही रस्त्याची एक बाजू नव्हे की जी एका पातीकडे गेली ती गेलीच.

तिसरा प्रश्न मत्तेचा, आणि येथे आपल्यात सर्वांत अधिक गैरसमज आहेत. घटस्फोट झाला की पत्नीला पतीच्या मालमत्तेचा अर्धा भाग मिळतो, असे पुष्कळांना वाटते. आपल्या कायद्यात तसे नाही. लग्नानंतरच्या मिळकतीत पत्नीला हिस्सा देऊ पाहणारे एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज संहितेच्या परंपरेने, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मत्ता समाईक धरली जाते. इतरत्र स्त्रीला मिळते ती पोटगी, तात्पुरती वा कायमची, न्यायालय दोघांची ऐपत पाहून ठरवील तेवढी. त्याशिवाय तिचे स्त्रीधन हे तिचेच. सासरी ठेवायला दिले म्हणून ते सासरचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी यांच्या दाव्यात स्पष्ट केले. अडचण येते ती पुराव्याची. लग्नात दिलेल्या दागिन्यांची यादी आपल्या जुन्या याद्यांत तोळ्या-माशांसह असे; आता ती लिहिणे अप्रशस्त वाटते, आणि मग वेळ आली की कोणाजवळच कागद नसतो.

राहिला माहेरचा वाडा. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा दिला, परंतु राहत्या घरात भाऊ वाटणी करीपर्यंत तिला ती मागता येत नसे. तेथे राहण्याचा हक्क होता तो अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा विभक्त मुलीला. माजघराशेजारची ती खोली कायद्यानेही ओळखली होती, असे म्हणावयाचे! वडिलोपार्जित मत्तेत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मुलीला महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला. आपल्या पुण्याच्या चुलतबहिणींना तो मिळाला तेव्हा धार-देवासच्या मुलींना मिळाला नाही. त्यांना ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. बरोबर आणलेल्या कायद्यामुळे एके काळी आपल्या मुली शेजाऱ्यांच्या मुलींपेक्षा पुढे होत्या. या वेळी राज्याच्या सीमेमुळे त्या अकरा वर्षे मागे राहिल्या. २००५ च्या दुरुस्तीने राहत्या घराविषयीचे ते बंधनही काढून टाकले. आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की हा हक्क जन्मापासूनचा आहे. २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

हे सारे असूनही आपल्याकडे वडिलांचे दिवस झाले की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते, आणि भाऊबीज तुटू नये म्हणून त्या सही करतात. सही करू नये असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ बहिणी समजून-उमजून आणि आनंदाने हक्क सोडतात. परंतु कोणत्या खोलीवरचा हक्क आपण सोडीत आहोत आणि उद्या परत येण्याची वेळ आली तर दार कोणते, हे तिला त्या सहीपूर्वी कोणीतरी वाचून दाखविले पाहिजे.

देवासच्या पवारांनी रस्त्याच्या दोन बाजू वाटल्या, दिवे वाटले, पाणी वाटले आणि शेवटी सहा चौरस मैलांचा फरक ठेवून राज्यही वाटले. ते सारे जमले, कारण ते लिहून ठेवले होते आणि दोन्ही बाजूंना बोलण्याचा हक्क होता. अक्कासाहेबांना आणि विक्रमसिंहांना तो नव्हता. आपल्या वाड्यांतील आत्यांनाही नव्हता. आज तो आहे. पुढच्या दिवाळीत मंडळी घरी जमतील तेव्हा जुन्या पेटीतील वाटणीपत्रे एकदा बाहेर काढावीत, त्यांत कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत ते पाहावे, आणि हे मुलींच्या देखत करावे, एवढीच आमची विनंती आहे.